पुस्तक उशाला घेऊन वेबसाइट होत नाही गं!

ते वर्डप्रेसचं जाडजूड पुस्तक बघून पोटात गोळा आला ना तुझ्या? येणारच गं. धामापूरच्या घरात पाहुण्यांची जेवणं, अंगणात सुकत घातलेली सोलं, आभाळ भरून आलं की ती उचलायची धावपळ, आणि त्यातच घरच्यांनी सांगून टाकलंय, "होमस्टेची वेबसाइट आता तूच सांभाळ." पुस्तक इंग्रजीत, त्यातली चित्रं तुझ्या स्क्रीनशी जुळत नाहीत, आणि तिसऱ्याच प्रकरणात 'डेटाबेस' आडवा आला. मग पुस्तक मिटून फळीवर गेलं. हे तू न सांगताही मला कळतंय.

खरं सांगू का, असली पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कुणीच वाचत नाही. लिहिणाऱ्याला सगळ्यांचं समाधान करायचं असतं. वर्तमानपत्र चालवणाऱ्याचं, दुकानदाराचं, कोड लिहिणाऱ्याचंही. तुला तुझ्यापुरतं हवंय. म्हणून तुझं शिकणं कुठे संपतं ते आधी ठरवू या. मे महिन्यात खोलीचा दर बदलला, रात्री जेवणं आटपल्यावर तुझ्या लक्षात आलं, आणि मुंबईच्या भाच्याला फोन न करता तो आकडा तू स्वतः बदललास, की तुझं शिक्षण पुरं झालं समज. वर्डप्रेसला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम असं अवजड नाव देतात ना, ती असते यासाठीच. साइट बांधून देणारा आपल्या गावी गेला तरी मजकूर घरच्यांना बदलता आला पाहिजे. पुस्तकातलं जे तुला त्या आकड्यापर्यंत नेतं तेवढं वाच. उरलेलं बिनधास्त सोड.

आणि वर्डप्रेस हे कुणा मोठ्या कंपनीने बंद खोलीत बनवलेलं यंत्र आहे असं मनात धरून बसू नकोस. बी-टू नावाचा एक प्रोग्राम होता, तो लिहिणाऱ्याने त्यावर काम करणं थांबवलं होतं. तो उचलून अमेरिकेतल्या मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधल्या माइक लिटल या दोघांनी 27 मे 2003 ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. मॅट तेव्हा 19 वर्षांचा होता. आज जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त वेबसाइट याच्यावर चालतात. तेव्हा 'मला जमेल का' हा प्रश्न बाजूला ठेव. पाहुणे, बाजारहाट आणि उधारीची वही एकाच वेळी सांभाळणाऱ्या बाईला हे जमतं.

आता पुस्तक हातात घे आणि पहिलं प्रकरण न उघडता छपाईचं वर्ष बघ. वर्डप्रेस 5.0 ही आवृत्ती 6 डिसेंबर 2018 ला आली आणि लिहिण्याची सगळी खिडकीच बदलली. आधी एकच मोठी चौकट असायची, वर ठळक-तिरप्याची बटणं. आता प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक फोटो, प्रत्येक मथळा हा वेगळा ब्लॉक. पुस्तक 2018 चं किंवा त्याआधीचं असेल तर लिहिण्याची प्रकरणं तुझ्या उपयोगाची नाहीत, पण पोस्ट आणि पेज, युजर, बॅकअप यांची प्रकरणं अजून चालतात. दुसरा टप्पा जानेवारी 2022 चा, आवृत्ती 5.9. तेव्हापासून नव्या धाटणीच्या थीममध्ये 'कस्टमाइज' दिसत नाही, 'एडिटर' दिसतो. पुस्तक म्हणतंय 'कस्टमाइज'वर जा आणि तुझ्याकडे ते सापडतच नाहीये, तर चूक तुझी नाही, पुस्तकाचं वय झालंय.

आणखी एक बघ. पुस्तक भलत्याच सिस्टिमचं तर नाही ना? हसू नकोस. एक काळ जुमला आणि द्रुपल या दुसऱ्या सिस्टिमवरच्या पुस्तकांचा पूर होता. द्रुपल 2001 चं, जुमला 2005 चं. दोन्ही चांगल्याच, पण त्यांची बटणं वेगळी. कुणा दादाने कपाट आवरताना 'घे, वेबसाइटचंच आहे' म्हणून दिलेलं पुस्तक असेल तर मुखपृष्ठ नीट वाच.

पुढची भीती मला ठाऊक आहे. काहीतरी भलतं बटण दाबलं आणि सगळं उडालं तर? बघ, पान डिलीट केलंस तर ते आधी ट्रॅशमध्ये जातं आणि तिथे 30 दिवस राहतं. मजकूर बिघडवलास तर 'रिव्हिजन्स'मध्ये त्याची जुनी रूपं ठेवलेली असतात. कालचं उघडायचं आणि परत आणायचं. तरीही हात थरथरत असेल तर वर्डप्रेसचंच 'प्लेग्राउंड' आहे. ब्राउझरमध्ये उघडतं, काही विकत घ्यायला नको, नाव नोंदवायला नको. तिथे एक खोटी साइट मिळते, ती पाहिजे तशी मोड. जपून न ठेवता बंद केलंस की सगळं पुसलं जातं, कुणाला पत्ता लागत नाही. पुस्तकातलं नवं प्रकरण आधी तिथे करून बघायचं आणि मग खऱ्या साइटवर.

आता मी जरा दटावणार आहे, ऐकून घे. पुस्तकात जे ठळक लिहिलेलं सापडणार नाही ते हे: साइट कुणाच्या नावावर आहे? आपल्याकडे काय होतं, चतुर्थीला चाकरमानी भाचा येतो, आरत्यांच्या मधल्या वेळात लॅपटॉप काढून साइट उभी करून देतो, आणि विसर्जन झालं की पासवर्डासकट परळला परत. त्याचा हेतू चांगलाच असतो गं. पण पुढच्या वर्षी डोमेनचे, म्हणजे साइटच्या नावाचे, पैसे भरायची आठवण त्याच्या ईमेलवर येते, तो ऑफिसच्या गडबडीत असतो, आणि इकडे पाहुणे विचारतात की तुमची साइट का उघडत नाही. म्हणून डोमेन कुठून घेतलंय, होस्टिंग कुणाचं आहे, दोन्हींची मुदत कधी संपते आणि कुठल्या ईमेलवर आहे, हे सगळं एका वहीत लिही. ईमेल तुझा हवा. 'युजर्स'मध्ये तुझं नाव 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून हवं. भाच्यालाही अ‍ॅडमिन राहू दे, अडचणीला उपयोगी पडतो. लहान जाऊबाईला फक्त फोटो आणि बातम्या टाकायच्या असतील तर तिला 'एडिटर' कर, म्हणजे तिच्या हातून प्लगइनला, म्हणजे साइटला जोडलेल्या जादा सोयींना, धक्का लागायला नको.

एवढं झालं की पुस्तक परत मीट आणि कागद घे. हो, कागदच. साइट अडते ती बटणांपाशी कमी आणि मजकुरापाशी जास्त. थीम छान लावलेली असते आणि आत काय लिहायचं ते ठरलेलंच नसतं, मग 'निसर्गाच्या कुशीत वसलेलं रमणीय धामापूर' असलं काहीतरी उतरतं. ते वाचून पुण्याच्या माणसाला काय कळलं? काहीच नाही. त्याला हवंय ते वेगळं. कुडाळ स्टेशनला उतरलो तर कसं यायचं? नेरूरपारमार्गे. मालवणहून? चौकेमार्गे. रात्रीच्या गाडीने आलो तर रिक्षा मिळेल का, की तुम्ही पाठवाल? जेवणात मासे कुठल्या वारी नसतात? आजीला जिने चढवत नाहीत, खोली खाली आहे का? हे प्रश्न तुला फोनवर रोज येतात. ते लिहून काढ, त्याखाली तू जे उत्तर देतेस तेच लिही. तुझी निम्मी साइट तिथेच तयार होते.

आणि तळ्याचं एक पान मन लावून कर, कारण धामापूरला येणारा माणूस ते शोधतच येतो. पण गो बाय, लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेव. नागेश देसाई यांनी विजयनगरच्या काळात, 1530 मध्ये हे तळं बांधलं, हा इतिहास. काठावर भगवतीचं देऊळ. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने या तळ्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं, त्या वर्षी आंध्र प्रदेशातल्या कंबम आणि पोरुमामिळ्ळा या तलावांच्या आणि के. सी. कालव्याच्या जोडीने. ही युनेस्कोची यादी नव्हे, तेव्हा 'युनेस्कोचा दर्जा' असं ठोकून देऊ नकोस. जाणता पाहुणा तिथेच ओळखतो आणि मग तुझ्या बाकीच्या लिहिण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. लग्नकार्यासाठी देवीला कौल लावला, परडीत फुलांचे दागिने करून तळ्यात सोडले की सोन्याचे दागिने वर यायचे, ही दंतकथा. ती 'असं सांगतात' म्हणून वेगळ्या परिच्छेदात घे. आजीकडून ऐकलीस तशी लिही, छान होईल.

आता पुस्तक उघड आणि थेट पोस्ट आणि पेजच्या प्रकरणावर जा. सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. जे वर्षभर तसंच राहतं ते पेज: खोल्या, दर, कसं यायचं, तळं, संपर्क. ज्याला तारीख आहे ते पोस्ट: यंदाचं आगळ तयार झालं, हापूसच्या पेट्यांची नोंदणी सुरू, अमुक आठवड्यात जत्रा असल्याने खोल्या भरलेल्या. पोस्ट नवी आली की जुनी खाली सरकते, पेज जागचं हलत नाही. खोलीचा दर पोस्टमध्ये लिहिलास तर चार नव्या पोस्टनंतर तो शोधताना पाहुण्यांच्या नाकीनऊ येतात. कॅटेगरी दोन-तीन पुरे, 'घरची उत्पादनं' आणि 'धामापूरच्या बातम्या' एवढ्यावर सुरू कर. टॅगचं प्रकरण आत्ता उघडूच नकोस.

मग 'सेटिंग्ज'मधल्या 'रीडिंग'मध्ये जाऊन पहिलं पान म्हणून तुझं मुख्य पेज निवड. तिथेच खाली सर्च इंजिनांना परावृत्त करणारी एक चौकोनी खूण असते. साइट बांधताना कुणीतरी ती लावून ठेवतं आणि काढायला विसरतं, मग गूगलवर तुझं नाव येतच नाही. आधी ती बघ. आणि नव्या वर्डप्रेसमध्ये आपोआप आलेली 'हॅलो वर्ल्ड' ही पोस्ट पहिल्याच दिवशी काढून टाक. माझ्या साइटवर ती चतुर्थीपासून शिमग्यापर्यंत नांदत होती, तुझ्याकडे नको.

मराठीची अडचण तर कुठल्याच इंग्रजी पुस्तकात सापडायची नाही, म्हणून ती सविस्तर सांगते. साइटची भाषा 'सेटिंग्ज'मधून मराठी कर, म्हणजे तारखा-महिने मराठीत दिसतील. पण 'युजर्स'मधल्या तुझ्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये भाषा इंग्रजी ठेव. तसं केलंस की पाहुण्यांना मराठी दिसतं आणि तुझा डॅशबोर्ड पुस्तकासारखा राहतो, 'अपिअरन्स' कुठे ते शोधत बसावं लागत नाही. हात बसला की डॅशबोर्डही मराठी करून टाक.

दुसरं, पानाचा पत्ता. मथळा मराठीत दिलास की वर्डप्रेस पत्ताही मराठीतच बनवतं. ब्राउझरमध्ये तो गोड दिसतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलास की टक्क्यांच्या खुणा आणि रोमन अक्षरांची लांबच लांब शेपटी निघते. देवनागरीतलं एकेक अक्षर आणि एकेक काना-मात्रा तिथे नऊ चिन्हं खाते. एकट्या 'धामापूर'ची 63 होतात. वर्डप्रेस पत्त्यासाठी 200 चिन्हांपर्यंतच जागा ठेवतं, म्हणजे मराठी मथळा बाविसेक अक्षर-मात्रांनंतर मधेच तुटतो. म्हणून मथळा मराठीतच ठेव आणि उजवीकडच्या पट्टीत 'स्लग' नावाची जागा आहे तिथे रोमन लिपीत छोटंसं लिही, तळ्याचं पान असेल तर 'talav' एवढंच. हे प्रसिद्ध करण्याआधी कर. नंतर बदललंस तर आधी पाठवलेल्या लिंक तुटू शकतात.

तिसरं, फॉन्ट. माहितीपत्रक छापून घेतलं होतंस ना, त्याची फाइल डीटीपीवाल्याकडून आणून तू मजकूर इथे चिकटवणार, आणि स्क्रीनवर उमटणार अगम्य रोमन अक्षरं. घाबरू नकोस, साइट बिघडलेली नसते. तो मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये नाही. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, पण दोन पानांसाठी सोपं सांगू का? मोबाइलवर मराठी कीबोर्डचा माइक दाब आणि बोल. मग निवांत बसून ऱ्हस्व-दीर्घ सुधार.

आणि मथळ्यांकडे जरा बारकाईने बघ. बऱ्याच थीम रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या असतात, त्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, मराठीत मात्र शिरोरेषा तुटते आणि 'मालवणी जेवण' असं दिसतं जणू प्रत्येक अक्षर वेगळ्या बाकावर बसलंय. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात. ब्लॉकवर टिचकी मारलीस की उजवीकडे 'टायपोग्राफी' दिसतं. तिथे 'लेटर स्पेसिंग' शून्य कर आणि 'लाइन हाइट' थोडी वाढव. फॉन्ट निवडायचा तर मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घे. दोन्ही फुकट आहेत आणि मोबाइलवर स्वच्छ वाचता येतात.

थीमवरून मात्र रात्र जागवू नकोस, हे बजावून सांगते. पुस्तकात थीमची प्रकरणं सगळ्यांत देखणी असतात आणि नवशिकी बाई तिथेच अडकते. थीम म्हणजे चतुर्थीची माटवी. दर वर्षी वेगळी बांधली तरी खाली गणपती तोच असतो. थीम बदलली तरी तुझी पानं, पोस्ट, फोटो तसेच राहतात. मेन्यू तेवढा पुन्हा जागेवर लावावा लागेल. वर्डप्रेसबरोबर आलेलीच थीम घे आणि पुढे चल. कुणी 'विकतची थीम फुकट देतो' म्हणाला तर हात जोडून नको म्हण, असल्या फाइलींत काय दडवलेलं असेल सांगता येत नाही.

प्लगइनच्या बाबतीत पुस्तक तुला मोठी यादी देईल. तू तुला लागतील तेवढीच ठेव. नवं घेताना तीन ओळी वाच: शेवटचं अपडेट कधीचं, किती साइटवर चालू आहे, आणि तुझ्या आवृत्तीबरोबर तपासलेलं आहे का. पुस्तकाने गायलेलं प्लगइन आज बेवारस पडलेलं असू शकतं. संपर्काच्या फॉर्मचं प्लगइन तर तुला नकोच. फॉर्मचे ईमेल स्पॅममध्ये जातात आणि गिऱ्हाईक वाट बघून मालवणात दुसरीकडे खोली घेतं. एक बटण टाक, त्याला व्हॉट्सअ‍ॅपची लिंक दे. आपले पाहुणे तिथेच बोलतात.

फोटोंबद्दल एवढंच सांगते. मोबाइलचा अख्खा फोटो जसाच्या तसा चढवू नकोस, घाटातून येणाऱ्या माणसाला रेंज मिळते कितपत? रुंदी 1600 पिक्सेलच्या आसपास आणून मग चढव, आणि 'ऑल्ट टेक्स्ट'मध्ये फोटोत काय आहे ते साध्या मराठीत लिही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा फोन तेच वाचून दाखवतो, आणि गूगललाही त्यावरून कळतं.

आता पुस्तकाच्या शेवटी ढकललेलं, पण अजिबात न चुकवायचं प्रकरण: बॅकअप. 'टूल्स'मध्ये 'एक्सपोर्ट' आहे, ते दाबून फाइल उतरवली की बायका निश्चिंत होतात. त्या फाइलमध्ये शब्द असतात, फोटो नसतात. पूर्ण बॅकअपमध्ये डेटाबेसही लागतो आणि फोटोंचं फोल्डरही. अपड्राफ्टप्लससारखं प्लगइन दोन्ही एकत्र घेऊन गूगल ड्राइव्हवर ठेवतं. त्याला आठवड्याची वेळ लावून दे. तो अडलेला 'डेटाबेस' शब्द आता कळला ना? तुझी सगळी लिहिलेली पानं जिथे साठतात ती जागा. तुला त्याविषयी सध्या एवढं पुरे. अपडेटची सूचना आली की आधी बॅकअप आणि मग अपडेट, आणि तेही पाहुण्यांची गर्दी असलेल्या शनिवारी नको.

पुस्तकाशी बसायची पद्धतही ठरवून घे. 'आज प्रकरण पाचवं' असं म्हणून बसू नकोस. 'आज दराचं पान करायचं' असं म्हणून बस, त्यासाठी पुस्तकात जे लागेल ते सूचीतून काढ, करून बघ आणि ऊठ. दुपारी पाहुणे भटकायला गेले की अर्धा-पाऊण तास मिळतो, तेवढा पुष्कळ झाला. पावसात लाइट जायच्या आत 'सेव्ह ड्राफ्ट' दाबत राहा. समास कोरे ठेवू नकोस, तुझ्या स्क्रीनवर बटण जिथे सापडलं ते पुस्तकात पेन्सिलीने लिही. उद्या जाऊबाईला शिकवायचं झालं तर तेच तुमच्या घरचं मराठी गाइड होईल.

कुठे अडलीस तर स्क्रीनचा फोटो काढून मला पाठव, मी आहे. पण लगेच विचारू नकोस हं, आधी एकदा स्वतः करून बघ. मला वाटतं दहांतल्या आठ वेळा तुझं तुलाच सुटेल. आज रात्री फक्त दराचं पेज उघड, जुना आकडा पूस, नवा लिही आणि 'अपडेट' नाहीतर 'सेव्ह' असं जे निळं बटण दिसेल ते दाब. आणि डोमेनची मुदत कधी संपते ते वहीत लिहिलंस का? नाही ना? मग ऊठ, आधी ते लिही.